गॅदरिंगमध्ये पहिल्या रांगेत कोण?

डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात. त्यात एक कार्यक्रम ठरलेला असतो, 'विविधतेत एकता'. पगडी बांधलेला पंजाबी, घागरा घातलेली गुजराती, मुंडू नेसलेला मल्याळी असे एकामागून एक येतात, अर्धा-अर्धा मिनिट नाचतात आणि शेवटी हातात हात धरून तिरंग्यापुढे उभे राहतात. पालक टाळ्या वाजवतात. थोड्या वेळाने त्याच रंगमंचावर 'आदिवासी नृत्य' येतं. मुलांच्या अंगाला काळा रंग फासलेला, कमरेला पानांचे नाहीतर क्रेप कागदाचे घागरे, हातात पुठ्ठ्याचे भाले आणि तोंडी कुठल्याही भाषेत नसलेल्या आरोळ्या. हा नाच कोणत्या जमातीचा, हे बसवणाऱ्या बाईंना सांगता येणार नाही, कारण तो कोणत्याच जमातीचा नाही. तो जुन्या हिंदी सिनेमांतून आलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात १ कोटी ५ लाखांहून अधिक आदिवासी राहतात, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येतला ९ टक्क्यांहून मोठा हिस्सा. नाशिक, नंदुरबार, पालघर, गडचिरोलीतच काय, पुण्या-मुंबईच्या वर्गांतही त्यांची मुलं बसतात. संमेलनाच्या संध्याकाळी ती मुलं प्रेक्षकांत असतात.

मुलांना कलेतून विविधता आणि समावेशन शिकवा, असं आता सगळेच म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला-समाकलित शिक्षणावर, म्हणजे कलेच्या माध्यमातून इतर विषय शिकवण्यावर, भर आहे, प्रशिक्षणं होतात, परिपाठात समतेची गाणी म्हटली जातात. त्याविषयी माझी तक्रार नाही. पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट निसटते. मूल कार्यक्रमाच्या विषयातून जेवढं शिकतं, त्याहून कितीतरी जास्त तो कार्यक्रम कसा बसवला गेला यातून शिकतं. कोणाला निवडलं, कोणाला वगळलं, कोणाची भाषा चालली, कोणाच्या आईला कपड्यांचे पैसे मागितले गेले, हे त्याच्या मनात पक्कं बसतं. समतेवरच्या नाटुकल्यात राजाचं काम दरवर्षी त्याच दोन-तीन घरांतल्या मुलांना मिळत असेल, तर त्या नाटुकल्याने समता शिकवली असं मी मानायला तयार नाही.

नाच बसवताना पहिल्या रांगेत गोऱ्या मुली उभ्या करतात. कोणी तसं बोलून दाखवत नाही, पण सावळी मुलगी चौथ्या इयत्तेपर्यंत ते ओळखून असते. नाटुकल्यात नायक-नायिका, वकील, डॉक्टर प्रमाण मराठी बोलतात. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी ढंगात बोलतो तो शिपाई, नोकर, नाहीतर दारुडा, आणि त्याच्या वाट्याला हशा येतो. घरी आजीशी त्याच बोलीत बोलणारं मूल त्या हशात सामील होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात तोंड उघडताना जपून बोलायला लागतं. फॅन्सी ड्रेसमध्ये अजूनही भिकारी, वेडा, डोंबारी, पोतराज ही 'पात्रं' दिसतात. भटक्या-विमुक्त जमातींतल्या काही मुलांच्या घरात तो वेश आजोबांच्या पोटापाण्याचा होता. तो भाड्याने आणून बक्षिसासाठी घातलेला पाहताना त्या मुलाला काय वाटत असेल, याचा विचार शाळेत कोणीतरी मोठ्याने करायला हवा.

मुलग्यांची वेगळीच कथा. ज्या बालगंधर्वांच्या स्त्री-भूमिकांवर महाराष्ट्र अर्धं शतक जीव ओवाळून टाकत होता, त्यांच्या नावाची नाट्यगृहं आपण बांधली. आणि आज सातवीतल्या मुलाने मुलीचं काम केलं तर त्याला वर्षभर चिडवलं जातं, शिक्षकही हसतात. मुलाची चाल थोडी मऊ असली की त्याला नाचातून अलगद बाजूला काढलं जातं.

यावर नुसती हळहळ कामाची नाही, कारण काय केलं म्हणजे मुलं बदलतात याविषयी आता बरंच ठाऊक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं की निरनिराळ्या गटांतल्या माणसांना नुसतं शेजारी बसवून पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरच्या अधिकाऱ्यांचा त्याला पाठिंबा हवा. पुढे भारतातच याचे पुरावे मिळाले. दिल्लीतल्या खासगी शाळांना गरीब मुलांना प्रवेश देणं सक्तीचं झालं, तेव्हा श्रीमंत मुलांवर त्याचा काय परिणाम होतो याचा अभ्यास अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र मिळालेली श्रीमंत मुलं अधिक उदार झाली, भेदभाव कमी करू लागली, गरीब मुलांशी खेळायला-मिसळायला जास्त तयार झाली. त्यांच्या अभ्यासावर फारसा वाईट परिणाम झाला नाही. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो या अभ्यासातला एक तपशील. काही शाळांत अभ्यासगट नावांच्या आद्याक्षरांवरून पाडले होते. त्यामुळे कोणाच्या गटात गरीब मूल येईल हे निव्वळ योगायोगाने ठरलं, आणि एकत्र काम करण्याचा परिणाम वेगळा मोजता आला. मनं बदलली त्यात या रोजच्या प्रत्यक्ष संगतीचा वाटा मोठा होता.

दुसरा अभ्यास क्रिकेटचा. अर्थतज्ज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत वेगवेगळ्या जातींचे १,२६१ तरुण अभ्यासात घेतले आणि त्यातल्या काहींच्या क्रिकेट लीग भरवल्या. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र, आणि कोण कुठे जाईल ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. मिश्र संघात एकत्र खेळलेल्यांची दुसऱ्या जातींत मैत्री वाढली, आपल्याच जातीच्या खेळाडूला झुकतं माप देणं कमी झालं. दुसऱ्या जातीच्या मुलांशी फक्त प्रतिस्पर्धी म्हणून गाठ पडली, तिथे हा लाभ दिसला नाही, काही बाबतींत तर परिणाम उलटा झाला.

हे वाचल्यापासून आपल्या शालेय स्पर्धांकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. समूहगान स्पर्धा, नृत्य स्पर्धा, एकांकिका स्पर्धा. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाठ जिल्हा परिषदेच्या शाळेशी पडते ती निकालफलकावर. एकाच कोरसमध्ये ती दोन्ही मुलं उभी राहिलेली मी क्वचितच पाहिली. खरं तर एकत्र काम करायला लावणारं नाटकाइतकं मोठं साधन शाळेकडे दुसरं नाही. नाटकात एकाने संवाद विसरला की दुसऱ्याला सावरून घ्यावंच लागतं. कोरसमध्ये शेजारच्याचा सूर ऐकल्याशिवाय स्वतःचा सूर लागत नाही. लेझीमच्या रांगेत एक पाऊल चुकलं तर सगळी रांग मोडते, आणि ते पाऊल कोणाच्या जातीचं हे कोणी विचारत नाही. ऑलपोर्ट यांनी घातलेल्या चार अटींपैकी दोन, एक ध्येय आणि परस्परांची गरज, तालमीच्या खोलीत आपोआप पूर्ण होतात. समान दर्जा आणि वरून पाठिंबा मात्र शिक्षकाला मुद्दाम आणावा लागतो, आणि आपण कमी पडतो ते तिथेच.

समान दर्जा आणायचा कसा, याला नाटकवाल्यांकडे साधी उत्तरं आहेत. नायकाचं काम पाच प्रवेशांत पाच जणांनी करावं. जिरेटोप एकच, तो एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जातो आणि प्रेक्षकांना काही सांगावं लागत नाही. त्या पाचांत मुलगी असावी, तोतरं बोलणारा असावा, पहिल्यांदाच रंगमंचावर येणारा असावा. गट पाडताना 'आपापले गट करा' असं कधीही म्हणू नये, कारण मुलं वस्तीप्रमाणे, आडनावाप्रमाणे गट करतात. हजेरीपटावरच्या पहिल्या नावांच्या क्रमाने पाडावेत. संवाद लिहून आणून पाठ करून घेण्याऐवजी प्रसंग द्यावा आणि मुलांना आपल्या बोलीत बोलू द्यावं. मग डॉक्टर अहिराणीत बोलेल, न्यायाधीश वऱ्हाडीत, आणि हशा आला तर तो विनोदाला येईल, उच्चाराला नाही.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शाळेने या मुलांना खेळ आणि मनोरंजनाच्या संधीसुद्धा इतरांच्या बरोबरीने द्यायच्या आहेत. पण व्हीलचेअरवरच्या मुलीला रंगमंचावर चढायला उतार नसतो, म्हणून ती खाली बसून टाळ्या वाजवते. कधी दोन मुलं तिला उचलून वर नेतात आणि त्यावरच टाळ्या पडतात. उतार लाकडी फळ्यांचाही करता येतो. वर्गात एक कर्णबधिर मूल असेल तर समूहगीताच्या खुणा सगळ्या वर्गाने शिकाव्यात, आणि पुढे मधल्या सुट्टीतही त्या वापराव्यात. वर्गात असं मूल नसताना पाहुण्यांसाठी खुणांचं गाणं बसवलं तर ते नुसतं प्रदर्शन ठरतं, आणि ते मुलांनाही कळतं.

हे सगळं बाहेरून आणलेलं खूळ आहे, असा एक आक्षेप येतो. तो खोडून काढायला फार लांब जावं लागत नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये एक नाटक लिहिलं. अडाणी कुणबी जोडपं जोशाकडून लुबाडलं जातं आणि शेवटी शिकायची वाट धरतं, असा त्याचा विषय. मराठी ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा घेतला आणि त्यात नवा आशय भरला. भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी गावकुसाबाहेरच्या माणसांना त्यांच्याच तालात, त्यांच्याच भाषेत आत्मसन्मानाची गोष्ट सांगितली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात १९४० आणि १९५० च्या दशकांत वेगवेगळ्या जातींची मुलं-मुली एकत्र तालमी करत, एकत्र प्रवास करत, एका पंगतीत जेवत. तेव्हाच्या महाराष्ट्रात तो प्रवास आणि ती पंगत रंगमंचावरच्या गीताइतकीच मोठी गोष्ट होती. १९८० च्या दशकात डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची बालनाट्याची पद्धत पुण्यात आणली. पऱ्या-राक्षस नाहीत, मोठी माणसं लहान मुलांची कामं करतात आणि प्रश्न मुलांच्या खऱ्या आयुष्यातले. रत्नाकर मतकरींनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. तिथे मुलं स्वतःच्या जगण्यातले विषय स्वतःच नाटकात मांडत आली. म्हणजे शाळांनी नवं काही शोधायचं नाही, आपल्याकडे आहे ते वर्गात आणायचं आहे.

आदिवासी नृत्याचंच घ्या. ते बंद करा असं मी म्हणत नाही. खरं करा, एवढंच म्हणतो. वारल्यांचा तारपा नाच पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवर आजही होतो. भोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांपासून केलेलं ते वाद्य वाजवणारा मध्ये असतो, नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फेर धरतात, आणि तारपावाल्याकडे पाठ करत नाहीत. त्याने सूर बदलला की पावलं बदलतात. या नाचात पहिली रांगच नसते! दहा मिनिटं तो नाचलेल्या मुलांना एकमेकांच्या श्वासाची लय धरावी लागते, आणि हा अनुभव पुठ्ठ्याच्या भाल्यांतून मिळत नाही. वारली चित्रांचंही तसंच. जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला जगभर गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आज शहरातल्या असंख्य शाळांच्या कुंपणभिंतींवर गेरूच्या रंगावर पांढऱ्या आकृत्या नाचताना दिसतात. त्या भिंतीआड शिकणाऱ्या किती मुलांना हे सांगितलेलं असतं, की लग्नाचा चौक घरातल्या बाया तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात? आणि ही चित्रं काढणारी माणसं मुंबईपासून तीन तासांवर राहतात, त्यांची जमीन आणि जंगल यांचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत? चित्र भिंतीवर घेतलं की माणूसही वर्गात यायला हवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे आणि त्यात स्थानिक कारागीर, कलावंत यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तारपावाल्याला बोलवायला याहून वेगळी सबब कशाला हवी? फक्त त्याला 'पाहुणे' म्हणून नारळ-शाल देऊन परत पाठवू नये. तो शिकवायला आलेला असतो, त्याचं मानधन द्यावं.

इथे एक धोकाही आहे. उत्साहाच्या भरात शिक्षक ज्या मुलाने अपमान सोसला त्यालाच त्या अपमानाचं नाटक करायला लावतात. वस्तीतल्या मुलाला वस्तीतल्या मुलाचं काम, दारुड्या बापाच्या मुलीला तशाच घरातल्या मुलीचं. हे करू नये. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेन एलियट या शिक्षिकेने एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, तिसरीच्या वर्गात निळ्या आणि तपकिरी डोळ्यांच्या मुलांना आळीपाळीने वरचं-खालचं ठरवून भेदभाव म्हणजे काय ते अनुभवायला लावलं. तो प्रयोग गाजला, पण लहान मुलांना खरोखरच्या अपमानातून नेणं योग्य का, हा प्रश्न त्याला चिकटला तो कायमचा. मला तो प्रश्न रास्त वाटतो. नाटकाची ताकद अशी की त्यात मुलाला हे माहीत असतं की हे नाटक आहे. दुसऱ्याचे कपडे घालून, दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या जागी उभं राहून ते बोलू शकतं, आणि नकोसं झालं तर त्यातून बाहेर पडू शकतं. हे संरक्षण काढून घेऊ नये. ज्याला सोसावं लागतं त्या मुलाला लेखक होऊ द्या, दिग्दर्शक होऊ द्या, त्याची इच्छा असेल तर सोसायला लावणाऱ्याचं काम करू द्या.

ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी रूढ केलेली फोरम थिएटरची पद्धत म्हणूनच शाळेला चांगली मानवते. अन्यायाचा छोटा प्रसंग दाखवायचा. दुसऱ्यांदा दाखवताना प्रेक्षकांतल्या कोणीही 'थांबा' म्हणायचं, वर यायचं आणि आपण काय केलं असतं ते करून दाखवायचं. डबा खायला कोणी शेजारी बसत नाही, हा प्रसंग सहावीच्या वर्गात करून पाहावा. कोणी बाईंकडे तक्रार करतं, कोणी भांडतं, कोणी नुसतं आपला डबा घेऊन त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसतं. मग वर्ग ठरवतो यातलं काय उपयोगी पडेल. बाईंना भाषण करावं लागत नाही.

लहान मुलांच्या मनात जात-धर्म कशाला घालायचा, असं काही पालक कळकळीने विचारतात. पण त्यांच्या मनात ते आधीच आलेलं असतं. आडनाव सांगितल्यावर मोठ्या माणसांचा चेहरा कसा बदलतो, हे मूल पाहत असतं. अमक्याच्या घरी जाऊ नको, हे त्याने ऐकलेलं असतं. शाळा गप्प राहिली तर त्याच्याजवळ तेवढंच उरतं.

गुणवत्तेचा आक्षेप मात्र मी अधिक गंभीरपणे घेतो. सगळ्यांना काम दिलं तर कार्यक्रम पडेल, असं संगीताचे शिक्षक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. बेसूर मूल कोरसमध्ये जाणवतंच. म्हणून सूर लागेपर्यंत शिकवायला वेळ हवा. तो वेळ नसतो, कारण कलेचा तास मुळात कलेला मिळत नाही. तो गणिताला जातो, स्कॉलरशिपच्या तयारीला जातो, आणि मग डिसेंबरच्या तीन आठवड्यांत आधीच येणाऱ्या मुलांना घेऊन कार्यक्रम उरकला जातो. क्लासला जाऊन आधीच शिकलेलं मूल साहजिकच पहिल्या रांगेत येतं, आणि क्लासची फी भरणारी घरं कोणती हे सगळ्यांना माहीत आहे. मागे राहिलेल्या मुलाकडे गुण नसतो असं नाही, त्याला शिकवायला कोणी नसतं. वर्षभर आठवड्याला दोन तास मिळाले तर तीच मुलं सुरात येतात.

त्यासाठी शिक्षक लागतात. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या अनुसूचीत म्हटलं आहे की सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरच्या वर असलेल्या शाळेत कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असायला हवेत. म्हणजे ही शाळेची मेहरबानी नाही, कायद्याने सांगितलेली किमान गरज आहे. आपल्या मुलाच्या शाळेत कला निदेशक आहे का, नसेल तर का नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी विचारायलाच हवं.

आणि पैसे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवर शिकणाऱ्या मुलांचा हक्क फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून आक्रसला होता. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. न्यायालयात टिकलेला हा हक्क शाळेच्या आवारात ड्रेपरीच्या पावतीपाशी अडतो. एका नाचाच्या कपड्यांना काही शे ते हजार रुपये मागितले जातात, आई 'आमची मुलगी लाजाळू आहे' असं सांगून तिचं नाव मागे घेते, आणि शाळा ते खरं मानते. ज्या मुलांसोबत उभं राहून श्रीमंत मुलं बदलतात असं दिल्लीच्या अभ्यासाने दाखवलं, तीच मुलं अशा रीतीने रंगमंचावरून गळतात. येत्या संमेलनासाठी मुख्याध्यापकांनी एकच निर्णय घ्यावा. कपडे शाळेच्या गणवेशावर एक ओढणी, एक उपरणं, एक फेटा एवढेच असतील, आणि तेही शाळा देईल. वाचलेल्या भाड्यातून आणि डीजेच्या खर्चातून तारपावाल्याचं, गोंधळ्याचं, शाहिराचं मानधन निघतं. पालक शिक्षक संघाच्या पहिल्या सभेत हा हिशेब मांडला तर विरोध होईल, विशेषतः ज्यांची मुलं पहिल्या रांगेत उभी असतात त्यांच्याकडून. त्यांना तारपाच्या फेरात उभं राहायला बोलवावं.